उपाशी पेशी

(शिंप्याचं दुकान. दिवस मावळतीला. मशीनवर धाकटा भाऊ, समोरच्या स्टुलावर त्याची ताई.)

ताई : मशीन थांबव जरा.

धाकटा : एवढी कड होऊ दे. तुझाच कोट आहे. शिंप्याची बहीण, प्रयोगशाळेत मोठी बाई, आणि खिसा फाटका! लोक माझ्या नावाने हसतील.

ताई : थांबव म्हटलं ना.

धाकटा : थांबवलं, बाई. बोल. काय झालं, उंदरांशी भांडलीस?

ताई : उंदीर नाहीत रे. उंदरांच्या गाठीतल्या पेशी. डब्यांत वाढवतो आम्ही. किती वेळा सांगू?

धाकटा : सांगत राहा. तू सांगतेस ते कळतं तरी. तिकडे हॉस्पिटलात डॉक्टर बोलतात तेव्हा वाटतं, दुसऱ्याच कुणाच्या पोटातल्या गाठीबद्दल चाललंय.

ताई : परवा ऑपरेशनला जातोयस ना?

धाकटा : आलीस मूळ पदावर. नाही जात. सकाळी फोन करून सांगितलं, पुढे ढकला.

ताई : परत? अरे, काय हे!

धाकटा : ऑपरेशनला मी भीत नाही गं. कापाकापी माझ्या धंद्यातलीच. पण नंतर ती सलाईनमधली औषधं. बोटांची टोकं बधिर होतात, डॉक्टरच म्हणाले. मला कापड डोळ्यांनी नाही कळत, बोटांनी कळतं. ती गेली की मी काय, दुकानात नुसता पुतळा होऊन उभा राहू? त्यापेक्षा तुझं औषध येईपर्यंत थांबतो.

ताई : माझं औषध येत नाहीये.

धाकटा : वेळ लागेल, माहीत आहे. मला धीर आहे.

ताई : वेळ नाही रे. येतच नाहीये.

धाकटा : असं कसं? त्या दिवशी उलटसुलट चपला घालून धावत आलीस तू इथे. म्हणालीस, ते वाढ करणारं प्रथिन, त्याचं जनुक औषधाने गप्प झालं. मी म्हटलं, म्हणजे कटिंगचा कागद कपाटात आहे, पण शिवायला कुणी काढत नाही. तू म्हणालीस, अगदी तस्सं.

ताई : गप्प झालं होतं. औषधाने नाही पण.

धाकटा : मग कशाने?

ताई : भुकेने.

धाकटा : नीट सांग.

ताई : पेशींना रोज ताजं खाद्य लागतं. साध्या डब्यांना आम्ही रोज दिलं. औषधाच्या डब्यांना नाही दिलं, जुनं काढून टाकलं तर औषधही वाहून जाईल म्हणून. उपाशी पेशी कशाला वाढेल? तिचं वाढीचं जनुक आपसूक मंदावतं.

धाकटा : एकीला पोटभर वाढायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं, आणि म्हणायचं, बघा औषधाने कशी वाळली.

ताई : हो. तसंच झालं.

धाकटा : आणि हे काढलं कुणी शोधून?

ताई : मीच. निकाल जरा जास्तच गोड वाटला. म्हणून या खेपेला दोघींना सारखं खाऊ घातलं, औषधही रोज ताजं दिलं. आज पट्टे पाहिले. प्रथिन जास्त तर पट्टा काळा, कमी तर पुसट. दोन्हीकडे सारखाच काळा कुळकुळीत.

धाकटा : नसतंस पाहिलं तर काय बिघडलं असतं?

ताई : तू वाट पाहत बसला असतास. आणि गाठ थांबली नसती.

धाकटा : ...मी देवाला रोज सांगत होतो. म्हटलं, माझ्यासाठी वेगळं काही नको, तिच्या हाताला यश दे.

ताई : मीही तेच मागत होते.

धाकटा : दोघांनी मिळून मागितलं, तरी?

ताई : यश नाही दिलं त्याने. डोळे दिले. मी त्यावरून त्याच्याशी भांडलेय आज, वाटभर.

धाकटा : बरं, एक सांग. मीही महिनाभर धड जेवत नाही. मग माझी गाठही उपाशी मरत असेल की!

ताई : वेड्या, ती पहिल्या पंगतीला बसते. तू उपाशी राहिलास तर तुझ्यातलंच वाढून घेते.

धाकटा : बिलंदर पाहुणी आहे.

ताई : हसू नकोस. मला बघवत नाही.

धाकटा : मग काय करू? बोटांचं सांग. जातातच का?

ताई : काहींची हळूहळू परत येतात. सगळ्यांची नाही.

धाकटा : माझी?

ताई : माहीत नाही.

धाकटा : लहानपणी वीज गेली की म्हणायचीस, अंधारात कुणी नाही, मी बघून आलेय. बघितलेलं नसायचं तू काही. आज एकदा तसं म्हणायचंस.

ताई : तेव्हा बाहेर खरंच कुणी नव्हतं रे.

धाकटा : लाव फोन.

ताई : तूच बोल त्यांच्याशी.

धाकटा : तू बोल. सांग, परवा येतोय, ढकलू नका म्हणावं. आणि कोटाची कड राहिलीय, ती संपवतो. थांब, नको. तू बस मशीनवर.

ताई : मी? मला बटणसुद्धा लावता येत नाही.

धाकटा : शिवायचं नाहीये. सुई ओवायला शीक. बोटं रुसली तर मला ओवून कोण देणार? हा घे दोरा. टोक तिरकं काप. पुढून घाल, मागून ओढ.

ताई : भोकच दिसत नाहीये.

धाकटा : दिवसभर पेशी बघतेस, आणि एवढं भोक दिसत नाही?

ताई : नाही दिसत रे.

धाकटा : आधी डोळे पूस. मग घाल.