पडद्यावरचा फाळका

बस ना ताई, उभी किती वेळ राहशील — आतच आहेत भावोजी, तोंड धुतायत, पाण्याचा आवाज येतोय बघ. शिपायानं टॉवेल नेऊन दिलाय. बरे आहेत गं. म्हणजे — आता बरे आहेत. फोनवर मी काहीबाही बोलले, तुला घाबरवलं, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुला कळायचं नाही, आणि अर्धवट ऐकलंस तर तू माझ्याबद्दल भलतंच — बस ना.

आज माझा तास होता युद्धपटाच्या सुरुवातीवर. एकच सीन. दिग्दर्शक युद्ध न दाखवता युद्ध कसं दाखवतो, हे मुलांना समजावायचं होतं. पडदा आधी नुसता काळा, आणि इंजिनची घरघर. मग दिसतो ट्रक, आतून. ताडपत्रीला एक भोक पडलंय, त्यातून उन्हाचा कवडसा येतो, आणि ट्रक हलेल तसा तो एकेका सैनिकाच्या तोंडावर फिरतो — एक जण नखं खातोय, एक जण पेंगतोय, एक जण शेजारच्याच्या बुटाची नाडी बांधून देतोय. संवाद नाही, मध्ये कुठे कट नाही. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यांच्यातच बसलेला — म्हणजे आपणही त्यांच्यातलेच एक. आणि स्फोट? स्फोट दाखवतच नाही. पडदा पांढरा होतो, आवाज अख्खा बंद, कानात एक बारीक शिट्टी तेवढी उरते, आणि धुरात दिसतात फक्त हात. मागचा फाळका उघडायला धडपडणारे हात.

हो. ट्रकच. तू अशी बघू नकोस, मला कळतंय तू काय विचारतेयस ते. अगं अभ्यासक्रमातच होता तो सिनेमा! भावोजी घरी बसून कंटाळतात असं तूच म्हणालीस ना, म्हणून म्हटलं, चला माझ्या तासाला, मुलांना सैन्यातला माणूस जवळून बघायला मिळेल. नुसता योगायोग —

नाही. योगायोग नाही.

दुसरा सिनेमाही होता यादीत. पाणबुडीचा. तो मी मुद्दाम बाजूला ठेवला. तू मला स्वयंपाकघरात दार लोटून सांगितलं होतंस, कुणाजवळ बोलू नकोस म्हणून — भावोजी ट्रक चालवत होते, स्फोट झाला, खाली उडी मारून मागे धावले, आत जवान अडकलेले आणि फाळक्याची कडी निघेना. मी कुणाजवळ बोलले नाही ताई, शप्पथ. पण माझ्या डोक्यातून गेलं नाही ते. आज विभागप्रमुख येऊन मागच्या बाकावर बसणार होते, दर वर्षी मला कराराची मुदतवाढ देतात ना, या वेळी कायम करायचं की नाही ते या तासावर ठरणार होतं. मला वाटलं, सीन संपल्यावर भावोजी दोन वाक्यं बोलतील, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, वर्ग गप्प होईल — हो, मी असाच विचार केला होता. घरच्या माणसाबद्दल. ऐकायला कसं वाटतं, ते मलाच कळतंय आता.

पहिल्या बाकावर बसवलं त्यांना. शर्टाला इस्त्री केली होतीस ना तू, कडक. सुरुवातीला हसले माझ्याकडे बघून. मग आवाज बंद झाला, ती शिट्टी सुरू झाली आणि ते उठले. मला वाटलं, बाहेर चाललेत. पण ते सरळ पडद्याकडे गेले, प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर, सगळा धूर शर्टावर, आणि पडदा चाचपायला लागले. दोन्ही हातांनी. कडी शोधत होते गं. आतल्यांना बाहेर काढायचं होतं त्यांना. मुलं हसली — मुलांना वाटलं, मीच बसवलंय हे नाटक. आणि मी — दिवा लावायचा ना? बटण माझ्या हाताशी होतं. मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'बघा, ध्वनी काढून घेतला की प्रेक्षक आणि पडदा यांच्यातलं अंतर कसं नाहीसं होतं.' त्यांच्या पाठीकडे बोट दाखवून. मागे सरांनी मान डोलावली, तीही दिसली मला. आणि बरं वाटलं. क्षणभर बरं वाटलं, ताई.

सीन संपला तेव्हा ते वळले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, 'सॉरी मॅडम.' मला! चिमणे म्हणतात ना ते मला, तुझ्या लग्नापासून. मग बाहेर गेले, एकटेच. कुणी गेलं नाही सोबत.

मी कुठे होते? वर्गातच. तास उरला होता थोडा — मी सीन परत लावला.

रडू नकोस. नाही, रड. मला बोल काहीतरी, दोन थोबाडीत दे, पण अशी पर्स घट्ट धरून — थांब. नळ बंद झाला.

या भावोजी. ताई आलीये घ्यायला. कॉलर भिजलीये तुमची — नाही, काही नाही, मी कुठे रडतेय. काय म्हणालात?

छान शिकवते?

ताई, ने गं यांना. लवकर ने. जा तुम्ही दोघं, जा.