पातळ नको, दाटसर

निलम : पण तुला शेक शिकायचाय कशाला, बाबा? तू तर चहासुद्धा आयच्या हातचाच पितोस.

हिरू : शिकून ठेवावं. कामाला येतं.

निलम : चिंचणीहून डहाणू, डहाणूहून तलासरी. एसट्या बदलत तू चिकूचा शेक शिकायला आलास?

हिरू : तुला बघायला पण आलो. जावई कामावर गेला?

निलम : रूपेश कंपनीत गेलाय, संध्याकाळी येईल. आणि पिशवीत नुसते चिकू. आयनं बोंबील नाही दिले?

हिरू : विसरली असेल.

निलम : आय आणि बोंबील विसरली. म्हणजे राग गेला नाही अजून.

हिरू : कसला राग?

निलम : होळीला आले नाही त्याचा. तेव्हापासून फोनवर येत नाही ती. मी केला की तूच उचलतोस. कधी ती बाजारात गेलेली, कधी रेंज नाही, कधी झोपलीय. आय भरदुपारी झोपते, हे मी जन्मात पाहिलं नाही.

हिरू : तू आधी शेक दाखव. परतीची गाडी चुकली तर पंचाईत होईल.

निलम : आत्ता तर आलास. बरं, चल. आधी चिकू दाबून बघायचे. हा कडक आहे, ठेव बाजूला. कच्चा टाकला तर सगळा शेक तुरट होतो. हा बघ, बोट लावलं की दबतो. असले घ्यायचे.

हिरू : मऊ झालेले. हां.

निलम : आता साल काढ. सुरी हळू धर, मासा कापायचा नाहीये.

हिरू : साल राहिली तर?

निलम : थोडीफार राहिली तर काही होत नाही.

हिरू : नाय, राहायला नको. अजिबात नको. आणि बी?

निलम : बी तर काढायचीच. टोकाला आकडा असतो तिला, घशात अडकते.

हिरू : एकात किती असतात?

निलम : काही नेम नाही. एखाद्यात एकच, एखाद्यात तीन-चार.

हिरू : मग सगळ्या निघाल्या हे समजायचं कसं?

निलम : बोटानं चाचपून. बाबा, किती वेळ चाचपतोयस? चिकू आहे तो.

हिरू : एक पण राहायला नको. हे घे, झाले. आता मिक्सर.

निलम : आपल्याकडचा मिक्सर अजून खोक्यातच असेल ना? दिवाळीला मी दिलेला. पाट्यावरची चव येत नाही म्हणून आयनं उघडलाच नाही.

हिरू : उघडला. मी उघडला. ती सारखी मिक्सर, मिक्सर करते ना.

निलम : आय?

हिरू : सकाळ-संध्याकाळ. म्हणून काढला, केळं टाकलं, बटण दाबलं. झाकण उडालं आणि सगळं भिंतीवर.

निलम : पण तिला कशासाठी हवाय?

हिरू : तेच कळत नाय. समोर नेऊन ठेवला तर तोंड फिरवते. उचलून नेला की परत मिक्सर.

निलम : तू काय सांगतोयस ते मला काहीच कळत नाहीये.

हिरू : मला तरी कुठं कळतंय. दूध किती घालायचं ते सांग.

निलम : दूध उकळून गार केलेलं घ्यायचं. आधी थोडंच, नाहीतर चिकू नीट वाटला जात नाही. ही साय पण टाकते, त्यानं मऊ होतो. बर्फ आवडतो तुला?

हिरू : बर्फ नको.

निलम : मग वरून दूध घालून पातळ करू? हॉटेलात मिळतो तसा?

हिरू : नाय, पातळ नको. पातळ चालत नाय.

निलम : मग चमच्यानं खाता येईल असा?

हिरू : तेवढा घट्ट पण नाय. दाटसर. चमचा वाकडा केला की सावकाश खाली आला पाहिजे. पाण्यासारखा धावायला नको.

निलम : हे कोणी सांगितलं तुला?

हिरू : सिस्टरनं.

निलम : कुठली सिस्टर?

हिरू : आहे एक. ओळखीची. तू चालू कर ना ते.

निलम : झाकणावर हात ठेव, असा दाबून. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, म्हणजे उडत नाही. सोडू नको हात. झालं. आता बंद कर. घरी जाऊन आयला करून दाखव, हसेल तरी. आज बाजारातच असेल ना ती?

हिरू : नाय, नवशी बसलीय तिच्याजवळ.

निलम : बसलीय म्हणजे? नवशीमावशीचा स्वतःचा धंदा आहे. तो सोडून ती आयजवळ कशाला बसेल?

हिरू : असंच. सोबतीला.

निलम : बाबा, माझ्याकडं बघ.

हिरू : तिला झटका आला.

निलम : कसला झटका?

हिरू : डोक्यात. रक्ताची गाठ झाली म्हणतात. सकाळी मासळीची टोपली उचलायला वाकली आणि तशीच बसली. डहाणूला दवाखान्यात होती. आता घरी आणलीय, बरी आहे. उजवा हात उचलत नाय. पाणी पाजलं की ठसका लागतो, म्हणून पातळ द्यायचं नाय. पेज दिली तर थुंकून टाकते.

निलम : कधी झालं?

हिरू : होळी झाली आणि दोन-चार दिवसांनी.

निलम : सगळ्या आळीला माहीत असेल. मला कोणी सांगितलं नाही.

हिरू : मीच सांगितलं होतं त्यांना, निलमला कळवू नका. तुला लावायला फोन घेतला होता मी. तिनं हात हलवला, असा, जोरात. मला वाटलं, सांगू नको म्हणते.

निलम : तोंडानं काही बोलली नाही?

हिरू : बोलते. पण शब्द भलतेच येतात. पाणी मागायचं तर टोपली म्हणते. परवा मला कालवण म्हणून हाक मारली. सिस्टर म्हणाली, डोक्यात बरोबर असतं, बाहेर येताना चुकतं. मग मी काय धरायचं, निलम? नको म्हणाली तर नको, की पाहिजे?

निलम : आणि मी इथं म्हणतेय, बघू किती दिवस राग धरते.

हिरू : रडू नको.

निलम : रडत नाही. चमचा दे. बघ, असा पडायला पाहिजे?

हिरू : अजून जरा सावकाश.

निलम : मग अर्धं केळं टाकते. थांब. आता?

हिरू : हां. असा. अगदी असा.

निलम : हा आपण पिऊन टाकू, तिथं जाईपर्यंत काळा पडेल. उरलेले चिकू भर पिशवीत. केळी पण घे. आयला ताजा करून देऊ.

हिरू : तू येतेस? रूपेश?

निलम : त्याला वाटेत फोन करते.

हिरू : आणि तिला नाय आवडलं तर? मी सांगितलं म्हणून चिडली तर?

निलम : चिडू दे. काय म्हणून चिडते ते मलाही ऐकू दे.

(चिंचणी. त्याच दिवशी संध्याकाळी, हिरूच्या घरात.)

वेणू : मिक्सर.

हिरू : हां, लावतो. ही बघ, निलम आलीय. तीच करून देणार तुला.

वेणू : मिक्सर आला.

हिरू : आला कुठं, घरातच होता. हा काय. तुझ्यासमोर ठेवू?

वेणू : हा नाय. हा नाय. मिक्सर.

निलम : बाबा, ठेव तो खाली. ती त्याच्याकडं बघतच नाहीये.

हिरू : मग कुणाला म्हणते?

निलम : माझं मनगट सोडत नाहीये ती.

हिरू : म्हणजे इतके दिवस ही तुझं नाव घेत होती?

वेणू : कधीची. हा टोपला.

निलम : टोपला तू, बाबा.

हिरू : आणि मी दर वेळी खोका उचलून आणत होतो. हात हलवला होतास तो? फोन नको म्हणून? की तिला बोलाव म्हणून?

वेणू : हां.

हिरू : काय हां?

निलम : राहू दे आता. आय, सरळ बस. बाबा, पाठीशी उशी दे. हनुवटी जरा खाली घे. एवढासाच घास आहे. गिळ. घाई नाही.

हिरू : ठसका नाय लागला.

निलम : अजून एक. चव कशी आहे?

वेणू : खारट.

हिरू : खारट? मीठ पडलं का काय त्याच्यात?

निलम : मीठ कुठून पडेल? गोड म्हणतेस, आय?

वेणू : हां. खारट. दे.

हिरू : दे म्हणाली. हे तर बरोबर म्हणाली.

निलम : मग देते. तू तिच्या तोंडाकडं एवढा टक लावून बघू नको, तिला गिळता येणार नाही.

हिरू : बरं. मी तिकडं बघतो.

निलम : संपला, आय. उद्या परत करू.

वेणू : आता जाळं.

हिरू : जाळं? जाळं होडीवरच्या लाहूकडं आहे, तो बघतो सगळं. तू काळजी करू नको.

वेणू : नाय. जाळं. माजं. इथं.

निलम : डोक्याला हात लावतेय. केस म्हणतेस का?

वेणू : हां. याला येत नाय.

हिरू : एकदा गेलो होतो विंचरायला. फणी फेकून दिली तिनं.

निलम : मग नवशीमावशीला सांगायचं होतंस.

वेणू : नवशी नाय.

निलम : बरं, नवशी नाही. मी करते. इकडं पाठ कर. बाबा, खोबरेल आण. केवढा गुंता झालाय हा. खालून सोडवत येते, ओढणार नाही. दुखलं तर सांग.

वेणू : विकीन.

निलम : हां. दुखलं की लगेच वीक.