काळ्याचे पहिले प्यादे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य हणमंतराव सर. व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर. ज्यांच्या निरोपासाठी हा हॉल भरला आहे त्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या क्रीडा संचालक नेत्रावती मॅडम. सहकारी मित्रहो, आणि मॅडमना मैदानावर अक्का म्हणणाऱ्या मुलींनो,

मला फक्त आभार मानायला सांगितले होते. तसा कागदही लिहून आणला होता. पण सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तो खिशातच राहू द्या.

उद्यापासून बुद्धिबळाचा संघ माझ्याकडे येतो आहे. स्टाफरूममध्ये मॅडमकडून सर्वांत जास्त हरलो, एवढीच माझी पात्रता. अध्यक्ष महाराज हसताहेत, पण दुसरा नंबर त्यांचाच आहे.

मॅडमची एक आवडती चाल आहे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले, की काळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारून सरळ मारायला द्यायचे. एंग्लुंड गॅम्बिट म्हणतात. संगणक तर काळ्याला तिथेच नापास करतो. मी मॅडमना तसे म्हणालोही होतो. त्या म्हणाल्या, “व्हय, चाल कच्चीच हाय. पण समोरचीची शिकवणी तिथंच संपती. तिथून पुढं दोघीबी आपल्या भालकीच्या, बिनशिकवणीच्या.”

गेल्या महिन्यात कलबुर्गीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आपल्या पवित्राने हीच चाल खेळली. समोरची गोंधळली, पवित्राचा डाव वर आला. मग घाईत पवित्राने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे नेऊन ठेवला. तिच्या गावी, राजेश्वरच्या कट्ट्यावर, देशी खेळात ते चालते. शह बसण्याआधी राजाला एकदा तशी उडी मिळते. तिच्या अप्पांबरोबर ती तेच खेळत मोठी झाली. पंचांनी घड्याळ थांबवले. राजाला हात लागला, म्हणून राजाच हलवावा लागला. त्याने राखलेला हत्ती गेला, मग डाव गेला, आणि ढालही.

आल्या आल्या मी हे सर्वांना सांगितले. तरी लोकांच्या लक्षात एवढेच राहिले, की पहिल्याच चालीला प्यादे फुकट दिले. सर, तुम्ही म्हणालात, असले प्रयोग आता बंद. मॅडम गप्प बसल्या. का बसल्या असतील? मी बरेच दिवस स्वतःला विचारत होतो.

उत्तर आज सकाळी पवित्राकडून कळले. मॅडमनी तिला बोलावून सांगितले होते, “ती चाल सोड आता, पोरी. पुन्हा हरलीस तर संघातून काढतील, अन् तवा मी न्हाई इथं.” पवित्रा मला विचारत होती, “सर, चूक माझी हाय. मग अक्का त्यांची चाल कामून मोडायल्यात?”

मॅडम, प्यादे दिल्यावर त्याच्याकडे बघत बसायचे नाही, हे तुम्हीच शिकवलेत ना?

मला खात्री नाही, हे आधीच सांगतो. चाल कच्ची आहे. रविवारी उदगीरच्या स्पर्धेत पवित्रा हरेलही. तरी तिला हवी असेल तर तीच चाल ती खेळेल. राजाची उडी मी तिच्या हातून सोडवून घेईन. त्या प्याद्याच्या आड येणार नाही. हरली, तर अध्यक्ष महाराज, तिला नाही, मला बोलवा.

सत्काराची, फराळाची व्यवस्था पाहणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे. कागद न वाचल्यामुळे कुणाचे नाव राहिले असेल, थोरांसमोर एखादा शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला.

आणि अक्का, रविवारी फोनवर निकाल विचारू नका. सकाळी बसस्टँडवर या. उदगीरच्या गाडीत तुमची जागा धरून ठेवतो.