तव्याची पाळी

आक्का: ही पोळी नुसती बघू नकोस, सुशांत. फाड.

सुशांत: फाडली. काय झालं?

आक्का: पदर सुटले?

सुशांत: नाही.

आक्का: मग? विमलाची पोळी आहे ती. तिच्या पोळीला पदर सुटत नाहीत म्हणजे बाईचं काहीतरी बिनसलंय. कधीपासून बघतेय. घड्याळ बघून यायचं, घड्याळ बघून जायचं. पूर्वी कणकेत तेल कमी पडलं तर माझ्या अंगावर ओरडायची. आता भाकरीचं पीठ पुढ्यात ठेवलं तरी निमूट लाटेल. आणि आज सकाळी म्हणते, सोमवारपासून पार्ल्याच्या पोळी-भाजी केंद्रात जाते.

सुशांत: पार्ल्याला? आई, होळीची पुरणपोळीची ऑर्डर घेतलीय आपण. विमलाताई नसतील तर वाट लागेल.

आक्का: म्हणून तर तुला बसवलंय.

सुशांत: पगार वाढवू या थोडा.

आक्का: दिवाळीला वाढवलास तेव्हा पोळी जास्त फुगली काय? पैशाने पोळ्या फुगल्या असत्या तर बँकवाल्यांनीच केंद्रं काढली असती. विमले, चहा झाला की इकडे ये गो. तू उठू नकोस रे.

विमला: बोला, आक्का.

आक्का: पार्ल्याला तुझं कोण आहे?

विमला: कोणी नाय.

आक्का: पगार जास्त देतायत?

विमला: इथल्यापेक्षा कमीच.

सुशांत: मग गोरेगावातलं काम सोडून तिकडे कशाला जाताय, ताई?

विमला: तिकडे तव्याच्या पाळ्या लावतात.

आक्का: आणि आम्ही काय लॉटरी काढतो? केंद्र काढलं तेव्हापासून पाळ्या आहेत. बाकीच्यांनी लाटायचं, एकीने तव्यावर उभं राहायचं, मग दुसरीने. तवा सगळ्यांना सारखाच भाजतो.

विमला: श्रुतिकाला नाय भाजत.

आक्का: आमच्या सुनेच्या, कल्पिताच्या मामेबहिणीला? ती काय अग्निपरीक्षेतली सीता आहे?

विमला: तिची पाळी आली की ती पंख्याखाली डबे भरते. तव्यावर मी.

आक्का: हे कोणी ठरवलं?

विमला: दादांना विचारा.

आक्का: सुशांत.

सुशांत: अगं, ती स्टुडिओत ऑडिशनला जाते ना. सिरियलमध्ये छोटंसं काम मिळेल म्हणतात. तव्यासमोर चेहरा काळवंडतो म्हणाली. घरी कल्पिताही मागे लागली. म्हटलं अ‍ॅडजस्ट करू. विमलाताई कधी नाही म्हणत नाहीत.

आक्का: म्हणजे जी भांडत नाही तिच्या डोक्यावर ठेवायचं. आणि मला बाहेर काउंटरवर बसवून पत्ता लागू द्यायचा नाही.

सुशांत: पण तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तुझी पाळीसुद्धा त्याच करतायत. तेव्हा कुठे पदर गेले? तोच तवा, तीच पोळी.

विमला: ते वेगळं, दादा.

सुशांत: काय वेगळं?

विमला: आक्कांनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि विचारलं, माझ्या पायाचं हे असं झालंय, माझ्या जागी कोण उभं राहील? मी हात वर केला. श्रुतिकाच्या वेळी कोणी विचारलंच नाय. सकाळी येऊन बघते तर फळ्यावर तिचं नाव पुसून माझं लिहिलेलं. विचारलं असतं तर राहिलेच असते उभी. पोरगी वाईट नाय. टीव्हीवर दिसली तर मीच चाळभर सांगत फिरेन. पण त्या दिवसापासून लाटणं घेतलं की हात जड होतो. मुद्दाम नाय करत, आक्का.

आक्का: ठाऊक आहे. मुद्दाम करणारी पोळी करपवते. तुझी नुसती गप्प झालीय. सुशांत, फळा पूस. आणि खडू माझ्याकडे दे.

सुशांत: देतो. पण श्रुतिकाला काय सांगू?

आक्का: सांग, तोंडाला रुमाल बांध आणि उभी राहा. ऑडिशन असेल त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने कोणाला तरी विचार. कोणी हो म्हणालं तर म्हणालं. नाहीतर तिचे भाऊजी आहेतच तव्यावर.

सुशांत: मी?

विमला: मी शिकवीन, दादा. आधी बोटं भाजतात. मग कळतं कुठे धरायचं ते.

आक्का: हसू नकोस विमले, तुझा हिशोब व्हायचाय अजून. पार्ल्याला कळव, येत नाही म्हणून.

विमला: कळवते.

(विमला जाता जाता परातीत बोट खुपसून बघते.)

विमला: ही कणीक कोणी मळली? तेल कुठाय यात? आक्का, काउंटरवर बसून लक्ष कुठे असतं तुमचं?

सुशांत: ऐकलंस, आई?

आक्का: ऐकलं. बहिरी नाही झाले. विमले, इकडे बघ. तुझा राग खरा होता, तो मी मानला. पण इतके दिवस गप्प बसलीस, ते चुकलं. पुढे राग आला तर माझ्याशी भांडायचं. पोळीशी अबोला धरायचा नाही.