तोंड झाकलं, गळा राहिला

माझं माहेर धसईकडचं. आय धवलारीण, तिची आयपन धवलारीण. म्हंजे हळदीला, लग्नाला देवांना बोलवायचं, नवरा-नवरीला गाण्यातून आशीर्वाद द्यायचा, ते काम आमचं. लगीन होऊन खर्डीकडं आली ती गळा घेऊनच आली. काय सांगू तुम्हाला, मी गायल्याबिगर इथं हळद लागत नव्हती. बायका म्हणायच्या, तू नुसती खाकरलीस तरी कळतंय गो मांडवात कोण बसलंय.

पोराचं सांगते आता. एकुलता एक, कल्याणला कामाला. भाताची लावणी चालू व्हती, चिखलात उभा राहून बोलला, आय, मला पोरगी बघू नको, मला पोरगाच आवडतो. बांधावर शेजारीण उभी, म्हणून मी परत वाकली नि रोपं लावत रडली. पोटचा हाय, टाकू कुठं?

तिकडं त्याच्यासारख्यांची संस्था हाय. तो म्हणं, मुरबाड-शहापूरला अशी पोरं एकटी कुढत बसलीत, आमी हाव हेच त्यांना ठावं नाय, टीवीवर आलं तर कळंल. च्यानलवाल्यांना गावाकडची आय पायजे व्हती नि एक आय तयार व्हईना. मी म्हटलं, तोंड दाखवू नका, बोलते. त्यांनी शब्द पाळला बरं का, तोंडाच्या जागी नुसतं धुकं. मी बोलली, माझा पोर जसा हाय तसा माझा हाय. गळ्याचा इचार त्यांना सुचला नाय नि मलापन नाय.

दुसऱ्या दिशी शहापूरच्या बाजारात वांग्यांचा भाव इचारला फक्त, तर भाजीवालीनं मान वर केली, म्हणली, मावशी, काल तुमीच ना?

कुणी भांडलं नाय. भांडले असते तर मीबी भांडली असती. नुसतं बोलावणं थांबलं. मालक म्हणतात, सांग सगळ्यांना, ती मी नव्हती. पोर म्हणतो, आय, बातमीनंतर किती पोरांचे फोन आले, आता तोंड दाखवून बोल. नाय म्हणली तर पोर तुटतो, व्हय म्हणली तर हे घरात ठेवायचे नाय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

परवा पल्याडच्या आळीत हळद व्हती. मोबाइलमधलं माझंच गाणं लावलेलं, मोठ्या स्पीकरवर. माझा आवाज मांडवात नि मी माझ्या घरच्या ओट्यावर. आशीर्वादाच्या कडव्याआधीच गाणं तुटायचं, परत पयल्यापासून लावायचे. मला राहवेना. नवरीचा काय दोष? ते कडवं मी हितूनच हळू म्हटलं.

तुमी संस्थेच्या पुस्तकासाठी लिवताय. कागदाला आवाज नसतो, म्हणून तर बसली तुमच्यापुढं. आता म्हणताय, मावशी, तू बोललीस तसंच लिवणार. मंग काय, वळखतील की.

लिवा. ज्या पोरांनी वाचायचं ती वाचू देत, सुखी राहू देत.