जागेअभावी

कथाकार : ...म्हणजे मागे घेतो असं नाही म्हणत मी, बाई. या अंकापुरती थांबवू या, इतकंच.

बाई : अंक उद्या छपाईला जातोय. छापखानेवाले शेवटची पानं घेऊन आत्ता येतील. आणि तुम्ही आज सांगताय, गोष्ट थांबवू या.

कथाकार : सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला होता.

बाई : मग?

कथाकार : ठेवला.

बाई : दुखतंय कुठे नेमकं?

कथाकार : शेवटात. शेवट खटकतोय मला.

बाई : याच टेबलावर चार वेळा लिहिलीत ही गोष्ट. पहिल्या खर्ड्यात शेवटी म्हातारा मरत होता, आभाळ भरून येत होतं आणि कुत्रं रडत होतं.

कथाकार : कुत्रं दुसऱ्या खर्ड्यात काढलं मी.

बाई : तिसऱ्यात. दुसऱ्यात त्याचं मांजर केलं होतंत.

कथाकार : बरोबर. मांजर होतं.

बाई : मग आपण ते सगळंच काढलं. बायको गेल्यावर म्हातारा तिचा मोडका चष्मा घेऊन दुकानात जातो. चष्मेवाला विचारतो, नंबर कुणाचा? तो म्हणतो, माझाच समजा. संपली गोष्ट. यात खटकण्यासारखं काय आहे?

कथाकार : स्पष्ट बोलू? खोटं वाटतं ते. माणूस असं बोलत नाही हो. टेबलाशी बसून सुचलेलं वाक्य वाटतं.

बाई : टेबलाशी नव्हतं सुचलं.

कथाकार : नाही, तुम्हीच सुचवलंत, ते मी कधीच नाकारलेलं नाही. पण लेखक म्हणून मला जर...

बाई : असू दे. तुमच्या सहा पानांसाठी त्या नर्सच्या कविता बाहेर काढल्या, आठवतं ना? पत्र तुम्हीच लिहिलंत तिला.

कथाकार : लिहिलं. 'जागेअभावी घेता येत नाहीत.'

बाई : बारा वर्षं आपल्या त्रैमासिकाचा पत्रव्यवहार बघताय तुम्ही. जागेअभावी हा शब्द तुमच्याइतका सुबक कुणी काढत नाही. त्या पोरीने कवितांसोबत यादी जोडली होती. कुठे कुठे पाठवून झालं, त्याची. नकार आला की रेघ. नऊ रेघा होत्या. आपण दहावे.

कथाकार : मला वाटलं, नजरचुकीने आली असेल ती यादी पाकिटात.

बाई : मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं.

छापखानेवाला : येऊ का? दार उघडंच होतं. ही घ्या पानं, बाई, अजून ऊन आहेत. अरे, हेही इथेच? बरं झालं. अभिनंदन हो.

बाई : कसलं अभिनंदन?

छापखानेवाला : बघा, लाजतायत.

कथाकार : पानं ठेवा ना तुम्ही. घाईत असाल.

छापखानेवाला : मी कसला घाईत? तर झालं काय, बाई, आमची टायपिंगची मुलगी परवा म्हणते, काका, ही गोष्ट मी आधीच टाइप केलीय. म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ते मोठ्या मासिकाचं काम, हा बाईंचा अंक. तर म्हणते, म्हातारा तोच, चष्मा तोच. जाऊन बघतो, तर शब्दन् शब्द तोच. म्हटलं, वा! आपला माणूस दोन्हीकडे. मग काय, एकदाच टाइप केली आणि दोन्हीकडे लावली. त्यांना मोठ्या टाइपात, चित्रासकट. तुम्हाला बारीक, जागा कमी म्हणून.

बाई : मोठ्या मासिकात. कधी?

छापखानेवाला : येत्या महिन्यात. मुखपृष्ठावर नाव आहे यांचं. चौथं आहे, पण आहे. तुम्हाला माहीतच असणार, म्हणून तर मी... माझं काही चुकलं का?

बाई : तुमचं काय चुकणार? तुमच्याकडे येतं ते तुम्ही छापता. बसा, चहा टाकते.

छापखानेवाला : चहा मी सहसा सोडत नाही, बाई, पण आज राहू दे. या सहा पानांचं काय ते पाचपर्यंत कळवा. मुलगी पाचला निघते आमची.

(छापखानेवाला जातो. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून नको इतकी काळजी घेतो.)

कथाकार : मी सांगणारच होतो, बाई.

बाई : हो. तीनदा फोन घेतलात हातात.

कथाकार : आधी तुम्हालाच दिली होती. देवाशपथ. मग एका दुपारी सहज वाटलं, तिकडेही टाकून बघावी. सतरा वर्षं पाठवतोय तिकडे. होकार सोडा, नकारसुद्धा येत नाही. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक होतं. म्हटलं, यंदाही तेच होणार. कुणाला कळणार नाही.

बाई : म्हणजे दार उघडणार नाही या भरवशावर ढकललंत.

कथाकार : आणि उघडलं.

बाई : पत्र आलं असेल.

कथाकार : आलं.

बाई : खिशातच आहे ना? मघापासून हात तिथेच आहे तुमचा. मला वाटलं, छातीत दुखतंय. द्या इकडे.

कथाकार : नका वाचू, बाई. एवढं ऐका माझं.

बाई : तो चष्मा द्या. तो नाही, तो पानं तपासायचा. कपाटावरचा, काळ्या काड्यांचा. हं. 'आपली कथा स्वीकारताना आनंद होतो. पूर्वार्ध काहीसा पसरट आहे.' आहेच. 'परंतु शेवट असामान्य. माझाच समजा, हे दोन शब्द लिहिण्यासाठी लेखकाला...' पुढचं दिसत नाही मला.

कथाकार : 'लेखकाला आतून फार काही मोजावं लागलं असणार.'

बाई : पाठ झालंय.

कथाकार : बायकोला वाचून दाखवलं. मग आईला. मग ऑफिसात सगळ्यांना. नळाची तक्रार घेऊन खिडकीवर आलेल्या एका गृहस्थांनाही दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पण पाणी कधी येणार?

बाई : आणि मला सांगितलंत, शेवट खोटा वाटतो.

कथाकार : काहीतरी कारण द्यायचं होतं. ते तोंडात आलं.

बाई : माझ्याही तोंडातच आलं होतं.

कथाकार : काय?

बाई : ते वाक्य. आमचे हे गेल्यावर महिन्याभराने खोली आवरताना यांच्या चष्म्यावर माझाच पाय पडला. काडी मोडली. टाकवेना आणि मोडका ठेववेना. गेले घेऊन दुकानात. चष्मेवाल्याने विचारलं, नंबर कुणाचा? मी सांगितलं. माणूस असं बोलतो. फार विचार करून नाही बोलत.

कथाकार : हा... हा तोच चष्मा?

बाई : पत्रं वाचायला लावते. धड दिसत नाही यातून, पण पत्रांत असतं काय एवढं बघण्यासारखं?

कथाकार : तुम्ही कधी बोलला नाहीत.

बाई : तुमच्या गोष्टीला उपयोगी पडलं तेवढं दिलं. बाकीचं सांगून तुम्ही त्यात पुन्हा कुत्रं घातलं असतंत.

कथाकार : मी नकार कळवतो त्यांना. आत्ता, इथूनच. गोष्ट आपल्या अंकात येईल. हा बघा, फोन लावतोय.

बाई : ठेवा तो. चित्र काढून झालंय, मुखपृष्ठ छापून झालंय. मोठेपणा करायची वेळ गेली, आता निदान घोळ घालू नका. आणि आपले वाचक किती? दोनशे चाळीस. त्यातले निम्मे लेखक, ते अंक आपलं नाव बघण्यापुरता उघडतात.

कथाकार : मग निदान खाली तुमचे आभार तरी छापायला सांगतो.

बाई : नको. मग लोक विचारतात, कशाबद्दल. येऊ दे तिकडेच. त्या चष्मेवाल्याच्या दुकानात बाकावर ते मासिक पडलेलं असतं. आपला अंक घेत नाही तो. चार वेळा दिला फुकट, काचा गुंडाळायला वापरला.

कथाकार : बाई, माझ्याच्याने आता...

बाई : रडू नका, पानं ओली होतील. खणातून कागद काढा. नर्सला पत्र लिहायचंय.

कथाकार : मी लिहू? आज?

बाई : पत्रव्यवहार कोण बघतं?

कथाकार : 'आपल्या कविता याच अंकात घेत आहोत.' पुढे? मागच्या पत्रात जागा नाही म्हटलं, आता आठवड्यात जागा कशी झाली म्हणू?

बाई : झाली तशी लिहा.

कथाकार : झाली तशी... 'मागे जागेअभावी असे कळवले होते. ती जागा मी अडवली होती.' चालेल?

बाई : मी म्हणजे कोण? खाली तुम्ही 'संपादकांकरिता' असं लिहून माझा शिक्का मारता. तिला वाटेल, मीच अडवली.

कथाकार : मग काय करू?

बाई : शिक्का नको. नाव लिहा तुमचं. आणि टपालात टाकू नका, हॉस्पिटल तुमच्या वाटेवर आहे. तिने दहावी रेघ मारून कविता अकराव्याकडे पाठवायच्या आत तिच्या हातात पडू दे.

कथाकार : तिच्या हातात. मी.

बाई : दुपारपाळी असते तिची. चारला सापडेल. झालं लिहून? बघू.

कथाकार : हे घ्या.

बाई : नाव कुठे आहे?

कथाकार : खाली. कोपऱ्यात.

बाई : मोठं काढा. या चष्म्यातून दिसत नाही.