चंपाबाईंचं अर्धं डोकं

...आणि वर लोक म्हणतात, मजा आहे बुवा राजरत्नची, आज दुबई, उद्या बँकॉक! कसली डोंबलाची मजा? तुम्हाला सांगतो, परळच्या आमच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो हा राजरत्न, केस रंगवणारा, त्यामुळे त्याचं रडगाणं मला तोंडपाठ आहे. केसांच्या रंगाची एक कंपनी त्याला देशोदेशी फिरवते. फिरवते म्हणजे काय, तर विमानतळ, हॉटेल, हॉटेलातला बिनखिडकीचा हॉल, आणि त्यात खुर्च्या टाकून बसलेले पार्लरवाले. स्टेजवर एक बाई बसवायची, कानाला माईक लावायचा आणि बोलत बोलत तिचे केस रंगवायचे. पण किती? अर्धे! डावीकडचे रंगवायचे, उजवीकडचे तसेच सोडायचे. का, तर लोकांना फरक दिसला पाहिजे. टाळ्या पडल्या रे पडल्या की मॅनेजर निमेश खालून ओरडणार, "थँक्यू राज, नेक्स्ट मॉडेल प्लीज," आणि ती बिचारी अर्धं डोकं घेऊन आत. उरलेलं आतली कोणीतरी पोरगी उरकते, याला ते बघायलासुद्धा मिळत नाही.

आता हे काय काम झालं? भाकरी एका बाजूने भाजायची आणि तवा उतरवायचा? शिसारी येणार नाही तर काय होणार माणसाला? त्यात त्या रंगाचा वास... नाकात, कपड्यांत, जेवताना घासात. कोलंबोला म्हणे समोर झकास मासे ठेवले होते आणि याला त्यात नुसता अमोनिया, पहिला घास थुंकून टाकला. घरी आला की तेच, "अरे, कित्येक वर्षांत एक डोकं पुरं केलं नाही मी. किळस आलीय मला माझ्या हातांची." मी म्हटलं, सोड मग. तर म्हणे, "सोडून करू काय, दुसरं येतं काय मला?" खरंय. येतं ते अर्धं डोकं, बाकी काय.

तर झालं असं, त्याच्या धाकट्या बहिणीचं, मानसीचं लग्न ठरलं. आई चंपाबाई, इथल्याच हॉस्पिटलात आयाचं काम करून रिटायर झालेल्या, डोकं पांढरंशुभ्र, केसांना जन्मात तेलाशिवाय काही लावलेलं नाही. त्या म्हणाल्या, "राजा, त्या मोबाईलमधल्या गोऱ्या बाईला लावलास ना, तांबूस, तो मला लाव. विहीणबाई बघत राहिल्या पाहिजेत." अहो, हरखला हो तो. आईचं डोकं, ना निमेश ना स्टेज, आणि पुरंच्या पुरं करायचं! मग दुसरा विषयच नाही त्याच्या तोंडी.

लग्नाच्या सकाळी गॅलरीत खुर्ची टाकली. सगळी चाळ जमली, जमणारच. मोबाईल वर झाले आणि तिथेच घात झाला बघा. समोर माणसं दिसली की याचं तोंड आपोआप सुरू होतं, "तर मंडळी, मुळापासून सुरुवात, ब्रश असा आडवा..." डावी बाजू रंगवली, थांबला, धुतली, पुसली, आईला फिरवून दाखवली. काय रंग आला होता म्हणून सांगू, उन्हात तांब्याच्या घागरीसारखा. आम्ही टाळ्या वाजवल्या. याने वाकून नमस्कार केला, हातमोजे काढले, "थँक्यू" म्हणाला आणि गेला की आंघोळीला!

चंपाबाई खुर्चीतच. "राजा, आणि इकडचं कोण करणार?"

ओल्या अंगाने धावत आला. पिशवी उलटी केली, तर कंपनीची डेमोची पिशवी ती, ट्यूब एकच, अर्ध्या डोक्यापुरती. रंगाचा तो नंबर इथे विकतच नाहीत. मी दादरपर्यंत पळालो, दुकानदार म्हणतो, "काळा न्या ना साहेब, सगळे तोच नेतात." राजरत्न रडकुंडीला आला, "आई, दोन्हीकडे काळाच लावतो आता." चंपाबाई म्हणाल्या, "काळा लावायला तू कशाला हवास रे? तो कोपऱ्यावरच्या सलूनमधला अभय लावतो की." उठल्या, बौद्ध लग्नाची म्हणून ठेवलेली पांढरी साडी नेसल्या आणि निघाल्या हॉलवर, तसंच अर्धं डोकं घेऊन.

विहीणबाई बघत राहिल्या, तेवढं मात्र झालं. शेवटी न राहवून विचारलंच त्यांनी, "हे असं कसं हो?" चंपाबाईंनी पापणी हलवली नाही. "दोन लेकरं मला. एकीचं लग्न झालं, अर्धं डोकं रंगवलं. उरलेलं राजाच्या लग्नात." अख्खा हॉल वळून राजरत्नकडे बघायला लागला. चाळिशीला टेकलाय तो, आज इथे उद्या तिथे, लग्न राहूनच गेलंय त्याचं.

आता निमेशने त्याच रंगाच्या ट्यूबांचा खोका पाठवलाय. हा ब्रश घेऊन मागे मागे फिरतो, "आई, बस ना गं." बसतात कशाला त्या? बाजारात, विहारात, त्याच डोक्याने जातात आणि विचारेल त्याला तेच उत्तर. त्यात रंगवलेल्या बाजूची मुळंही पांढरी दिसायला लागलीत, ते बघून याला जेवण जात नाही. शेवटी परवा वैतागून लग्नाला "हो" म्हणाला. रविवारी कुर्ल्याला मुलगी बघायला चाललाय. मी विचारलं, करते काय मुलगी, दिसायला कशी आहे?

म्हणाला, "कोणास ठाऊक. मला आईचं डोकं पुरं करायचंय."